हॉपी पेल एल पारखायची कशी: ठाणे-नवी मुंबईतल्या ब्रूपबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरच्या एका ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथल्या तिथेच बनवून विकतात) आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मावसभावाने पेल एल नावाच्या बिअरचा एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "ताई, हे कारल्याचं पाणी आहे. तूच पी." मीही प्यायले, मीही तोंड वाकडं केलं आणि वेटरला विचारलं, "खराब झालीय का ही?" तो म्हणाला, "नाही मॅडम, ही हॉपी आहे." हॉपी म्हणजे काय (हॉप्स नावाच्या फुलांचा वास आणि चव असलेली) ते त्याला सांगता येईना आणि मला विचारायची लाज वाटली. आम्ही दोघं शहाण्यासारखी मान डोलावत बसलो आणि अर्धे ग्लास टाकून उठलो.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी कुठली प्रमाणपत्रधारक परीक्षक नाही. पाचपाखाडीत राहते, ऐरोलीत नोकरी करते आणि महिन्यातून एखाद्या दुपारी वही घेऊन ब्रूपबमध्ये बसते. इतक्या दिवसांत एक कळलं. ही बिअर पारखायला लागणारे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि बाजारात आधीपासूनच आहेत. चहा कडू झालाय की तुरट, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. अडतं ते मेन्यूवरचे शब्द पाठ करायला गेलं की.

सोबत काय हवं

- वयाचा पुरावा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी २५. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही, मूळ कार्ड ठेवा.
- मद्यसेवनाचा परवाना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. एक दिवसाचा परवाना बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे फाडून देतात. सहसा कोणी विचारत नाही हे खरं, पण कायदा १९४९ पासून आहे आणि अजून लागू आहे.
- छोटी वही आणि पेन्सिल. मोबाइलवर लिहायला घेतलं की व्हॉट्सॲप उघडतं आणि बिअर गरम होते.
- साधा पाव. बाहेरून नेऊ देत नाहीत, पण किचनला सांगितलं की लोणी न लावता आणून देतात.
- साधं पाणी, बर्फाशिवाय.

१. दिवस, वेळ आणि नाक सांभाळा

शनिवारी रात्री जाऊ नका. डीजेच्या आवाजात चव कळत नाही, वेटरला बोलायला फुरसत नसते आणि ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, घरी गेलेला असतो. मधल्या वारी दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. २ ऑक्टोबर ड्राय डे असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडेच असतात. निवडणुकीच्या दिवसांत तारीख बघून निघा.

त्या दिवशी सकाळी मामलेदारची मिसळ खायची नाही. मी हा मूर्खपणा केलेला आहे. मिसळ झकास होती, पण दुपारी चारपर्यंत जीभ बधिर होती आणि समोरच्या चारही बिअर मला एकसारख्या लागल्या. जाण्याआधी दोन तास गुटखा, पान, पेपरमिंट, बडीशेप आणि सिगारेट बंद. अत्तर आणि उग्र डिओ नको, कारण ग्लास नाकाशी नेला की मनगटाचा वास आधी येतो.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. बसल्याबरोबर वेटर लिंबाच्या वासाचा ओला टिश्यू देतो. त्याने हात पुसलेत की पुढचा तासभर प्रत्येक बिअरला तुम्ही "वा, काय लिंबू आहे" म्हणणार. लिंबाच्या वासाच्या भांड्याच्या साबणाने धुतलेला ग्लासही तसाच फसवतो. मी तर भरायच्या आधी रिकामा ग्लास मागून हुंगते. शेजारच्या टेबलावरचे बघतात. बघू दे.

२. मागवायचं काय आणि कसं

सरळ मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा लाकडी ट्रे मिळतो. एक बिअर नीट पारखायला ६० ते ९० मिलिलिटर पुरतात, परीक्षकांनाही साधारण तेवढीच देतात. क्रम मात्र तुम्ही ठरवा: आधी गव्हाची, मग पेल एल, मग आयपीए (इंडिया पेल एल, आणखी हॉपी आणि कडक), शेवटी स्टाउट (काळी, भाजल्या चवीची). आयपीए आधी प्यायलात तर तिच्यामागून आलेली बिचारी पेल एल पाणीदार लागते. दोष तिचा नसतो.

बायका एकट्या किंवा दोघी गेल्या की हमखास एक प्रश्न येतो: "मॅडम, तुमच्यासाठी सायडर आणू? गोड असते." मी हसून सांगते, "ती शेवटी बघू. आधी तुमच्याकडची सगळ्यात हॉपी कुठली ते सांगा." एवढ्याने संभाषण रुळावर येतं.

वेटरला किंवा काउंटरवरच्या माणसाला चार गोष्टी विचारा. ही टाकी कधी उघडली? हॉप्स कुठले? ड्राय हॉपिंग केलंय का (ते काय, पुढे सांगते)? आज या नळातून आधी कोणाला ओतलीय का? शेवटचा प्रश्न ऐकून लोक चकित होतात, पण तो महत्त्वाचा आहे. दुपारी उघडल्यावर पहिला ग्लास भरतो तो रात्रभर नळीत थांबलेल्या बिअरने. तो दुसऱ्या कोणाला जाऊ द्या.

बर्फाच्या फ्रीजमधून काढलेला पांढरा पडलेला ग्लास नको म्हणा आणि कडेला लिंबाची किंवा संत्र्याची चकतीही नको म्हणा. थंडी वास दाबते, चकती खोटा वास आणते. पेल एल साधारण ७ ते १० अंश सेल्सिअसला बोलकी होते आणि आपल्याकडे ती त्याहून बरीच थंड येते. म्हणून पहिली पाच मिनिटं ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसा, थंडीत चहाचा कप धरतो तसा.

चकणा नंतर. मसाला शेंगदाणे टेबलावर आले तरी दूर सरकवा. हे लिहायला सोपं आहे.

३. फळ्यावरचे आकडे वाचायला शिका

आपण बाटलीतून पितो त्या किंगफिशरसारख्या बहुतेक बिअर लागर असतात, थंड तापमानाला हळूहळू आंबवलेल्या. एल त्यामानाने उबदार, साधारण १८ ते २२ अंशांना आंबते. मूळ माल तोच: बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण मोड आणतो ना, तिथवरची वाट सारखीच. फिकट माल्ट वापरलं म्हणून पेल.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, हिरव्या शंकूसारखी. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते आणि सगळी करामत त्या पुडीची. वेल भांगेच्या कुळातली, त्यामुळे काही बिअरला तसा वास आला तर दचकू नका. ब्रूपबमध्ये हॉप्स दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात. ब्रूअर भेटला आणि मोकळा असला तर दोन गोळ्या मागा आणि तळहातावर चोळून हुंगा. त्या एका मिनिटात जे कळतं ते पानंच्या पानं वाचून कळत नाही. हात मात्र नंतर साबणाने दोनदा धुवावा लागतो.

एकच हॉप्स, पण घालायच्या वेळेनुसार काम बदलतं. कोथिंबीर आमटीत उकळत ठेवली तर वास उडून जातो, गॅस बंद करून वरून घातली तर राहतो. हॉप्सचंही तसंच. तासभर उकळले की त्यातली आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा उतरतो, वास उडतो. उकळी संपताना घातले की वास टिकतो. आंबवण होत आलेल्या बिअरमध्ये न उकळता काही दिवस भिजत ठेवले की त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. तेव्हा वास भरपूर उतरतो, कडूपणा फार वाढत नाही. म्हणून "हॉपी" आणि "कडू" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी मला कोणी एवढं जरी सांगितलं असतं तरी दोन ग्लास वाया गेले नसते.

ब्रूपबमधल्या मेन्यूच्या फळ्यावर आयबीयू लिहिलेलं असतं. एक आयबीयू म्हणजे ढोबळ मानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. अमेरिकन पेल एलसाठी परीक्षकांच्या नियमावलीत ३० ते ५० आयबीयू आणि ४.५ ते ६.२ टक्के अल्कोहोल धरतात. पण आकड्यावर जाऊ नका. ४० आयबीयू आणि खाली माल्टचा गोडवा भरपूर असेल तर बिअर सौम्य लागते. तेच ४० हलक्या, कोरड्या म्हणजे गोडवा नसलेल्या बिअरमध्ये टोचतात. गूळ घातलेलं कारलं आणि नुसतं कारलं, एवढा फरक.

थोडा इतिहास, कारण वेटर सांगतोच. आज आपण पितो त्या धाटणीची पेल एल अमेरिकेतली. कॅस्केड नावाचे हॉप्स तिथे १९७२ मध्ये बाजारात आले आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीने ते सढळ हाताने घालून पेल एल काढली. तिथून ही लाट सुरू झाली. आयपीए खास हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून कोणीतरी शोधून काढली, ही गोष्ट मात्र चवीपुरतीच घ्या. जास्त हॉप्सच्या फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीच होत्या आणि इकडे येणाऱ्या जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही व्यवस्थित येत होती.

४. बघा, पण फार वेळ नको

रंग फिकट सोनेरी ते तांबूस, कोऱ्या चहाच्या अलीकडचा. वर पांढरा फेस, दोन मिनिटं तरी टिकणारा. आतल्या काचेला एकाच जागी बुडबुडे चिकटून बसलेत तर ग्लास नीट धुतलेला नाही, तो बदलून मागा. थोडी धूसर असेल तर नाक मुरडू नका. ड्राय हॉपिंगने तसं होतं आणि हल्ली मुद्दाम गढूळ ठेवलेल्या बिअरही असतात. परीक्षकांच्या पन्नास गुणांत (त्यांच्याबद्दल पुढे) दिसण्याला फक्त तीन गुण आहेत, त्यावरून काय ते समजा.

५. वास: इथे वेळ घालवा

ग्लास आला की लगेच, फेस असतानाच, लांबून एक छोटा हुंगा घ्या. मग जवळून दोन-तीन आखूड. एकदम खोल श्वास ओढलात तर नाक थकतं. थकलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ओळखीचा वास नाकाला मूळ जागी आणतो. नंतर तळहाताने ग्लास झाका, हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. पहिला शब्द सुचेल तो लिहा. शेजारच्याला विचारू नका. त्याने "आंबा" म्हटलं की तुम्हालाही आंबाच येणार.

आता शब्दांबद्दल. मेन्यूवर लिहिलेलं असतं ग्रेपफ्रूट, पाइन, पॅशनफ्रूट. यातलं एकही माझ्या आजीच्या घरात नव्हतं. मग मी काय केलं, तर एका शनिवारी सकाळी वाशीच्या एपीएमसी फळबाजारात गेले. तुम्हाला लांब पडत असेल तर ठाण्यात जांभळी नाकाही चालेल. एक-एक फळ उचलायचं, सालीला नखाने ओरखडा काढायचा, डोळे मिटून हुंगायचं. दोन-चार विकत घ्या म्हणजे विक्रेता ओरडत नाही. त्या फेरीनंतर माझी स्वतःची यादी तयार झाली ती अशी.

ग्रेपफ्रूटच्या सगळ्यात जवळचं आपलं पपनस. गणपतीत बाजारात येतं तेव्हा साल सोलताना बोटांना जो तेलकट, कडवट, ताजा वास लागतो तो कॅस्केडचा वास. मोसंबी आणि संत्रं ही त्याची गोड भावंडं. ईडलिंबू उग्र आणि हिरवं. गवती चहाचा वास आला तर तो चांगला वास, तो दोष समजू नका.

पाइनपाशी मी बरेच दिवस अडले होते. ठाण्यात पाइनचं झाड कुठे हुंगणार? मग एप्रिलमध्ये लोणच्याच्या कैऱ्या निवडताना देठाचा चीक बोटाला लागला आणि डोक्यात घंटा वाजली. तो राळेसारखा, टर्पेंटाइनच्या जवळ जाणारा, नाकात चढणारा वास म्हणजेच ते. हा योगायोग नाही. मायर्सीन नावाचं सुगंधी द्रव्य हॉप्सच्या तेलात भरपूर असतं आणि आंब्याच्या काही जातींतही ते सापडतं.

सिट्रा आणि मोझॅक या हॉप्सच्या बिअरमध्ये पिकलेला आंबा, लिची, पेरू यांच्या दिशेने जा. पेरू जास्त पिकला की त्याला एक उग्र झाक येते, थेट सांगायचं तर मांजराच्या मुतासारखी. तीही काही हॉप्समध्ये येते. थोडी असेल तर परीक्षक खपवून घेतात. समिटसारख्या हॉप्सना कधी कधी कांदा-लसणाचा वास येतो. मला तो बिअरमध्ये अजिबात सोसत नाही, पण हे मत माझं.

हॉप्सच्या आड माल्टही शोधा. पावाचा गर, मारी बिस्किट, क्वचित मध. चांगल्या पेल एलमध्ये तो मागे उभा असतो, गायकामागे तानपुरा असतो तसा. अजिबातच नसेल तर बिअर पोकळ वाटते.

६. घोट: कडू वेगळं, तुरट वेगळं

घोट बेताचा घ्या, तोंडभर फिरवा, गिळा. वाइनवाल्यांसारखं थुंकायची पद्धत बिअरमध्ये नाही, कारण कडूपणा गिळल्यावर कुठवर जातो तेच बघायचं असतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा निम्मा कारभार तिथे उलगडतो. विश्वास बसत नसेल तर घरी नाक दाबून बडीशेप चावून बघा. नुसतं गोड लागतं. नाक सोडा, मग बडीशेप कळते.

आता या बिअरच्या गाभ्याकडे. कडू म्हणजे मेथी, कारलं, पाडव्याला खातो तो कडुलिंबाचा पाला. ही चव जिभेवर येते, चढते आणि उतरते. तुरट म्हणजे जांभूळ, कच्ची सुपारी, तीनदा उकळलेला चहा. ती चव नव्हेच म्हणा, तो स्पर्श आहे. हिरड्या आणि गाल आत ओढल्यासारखे होतात, जीभ दातांवर खरखरते. पेल एलला कडूपणा हवा, तुरटपणा नको. कडूपणा स्वच्छ असावा आणि दुसऱ्या घोटाची इच्छा ठेवून जावा. गिळून अर्धा मिनिट झालं तरी तोंड सुपारी खाल्ल्यासारखं राहत असेल तर कुठेतरी चुकलंय. माल्टची टरफलं फार गरम पाण्याने जास्त धुतली गेली असतील किंवा हॉप्स जरुरीपेक्षा जास्त दिवस भिजले असतील.

याची चाचणी सोपी आहे. घोट गिळा, तीस मोजा, मग जिभेचा शेंडा वरच्या दातांच्या मागून फिरवा. गुळगुळीत लागलं तर प्रश्न फक्त कडूपणाचा. खरखर लागली तर वहीत "तुरट" लिहा. माझा मावसभाऊ आता हे माझ्याआधी करतो.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. तिसऱ्यापर्यंत जीभ कडूपणाला सरावते, तेव्हा खरा तोल कळतो. मध्ये पावाचा तुकडा आणि पाणी.

तोंडातला जडपणाही बघा: पाण्यासारखी पातळ, ताकासारखी मध्यम की सरबतासारखी चिकट? पेल एल ताकाच्या अलीकडची बरी. बुडबुडे जिभेला गुदगुल्या करतील इतपतच.

७. खोट ओळखा, आवडनिवड बाजूला ठेवा

बिअर न आवडणं वेगळं आणि बिअर बिघडलेली असणं वेगळं. खालचे वास आले तर ती तुमच्या जिभेची चूक नाही.

लोण्याचा, मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तेलकट गुळगुळीतपणा: याला डायसेटिल म्हणतात. उकडलेल्या मक्याच्या कणसाच्या पाण्याचा वास (तलावपाळीवर भाजून मिळतं ते कणीस नव्हे, उकडलेलं) म्हणजे डीएमएस, माल्टमधून येणारं आणि नीट न उकळल्याने मागे राहिलेलं. कच्च्या भोपळ्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर अजून कच्ची आहे. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागून ती शिळी झालीय. हॉपी बिअरमध्ये त्याआधीच एक खूण दिसते: फळांचा वास गायब, कडूपणा मात्र तसाच आणि रंग थोडा काळवंडलेला. जुन्या चीजचा किंवा पायमोज्यांचा वास म्हणजे हॉप्सच जुने होते. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर जंतूंचा शिरकाव.

गच्चीवरच्या ब्रूपबमध्ये उन्हाच्या टेबलावर बसू नका. ऊन आणि हॉप्समधली कडू आम्लं यांचं जमत नाही. काही मिनिटांत ग्लासातल्या बिअरला हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधी कधी येतो तो उग्र वास येऊ लागतो. तो दोष ब्रूअरचा नाही, टेबल निवडणाऱ्याचा.

लोण्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा हीच भेटेल. नवी मुंबईतल्या एका ठिकाणी मी पेल एल घेतली. पहिल्या हुंग्यात पपनस आलं, दुसऱ्यात लोणी कढवल्याचा वास. वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, अशीच असते ही." मी वाद घातला नाही. त्याच ट्रेमधली गव्हाची बिअर हुंगली. तिला लोणी नव्हतं. स्टाउटलाही नव्हतं. हे बघणं महत्त्वाचं आहे. दोन-तीन बिअरना एकदम लोणी येत असेल तर नळ्यांच्या सफाईवर संशय घ्यायचा. एकीलाच येत असेल तर बहुधा त्या घाण्यातच गडबड आहे. मी म्हटलं, "ब्रूअर असतील तर त्यांना एक मिनिट बोलवाल का? तक्रार नाही, विचारायचंय." पंचविशीतला एक मुलगा रबरी बूट घालून आला, ग्लास हुंगला, गप्प झाला, पुन्हा हुंगला. म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. दोन दिवस अजून उबेला ठेवायला हवी होती. वीकेंडसाठी घाईत थंड केली." यीस्ट आंबवताना लोण्याचा वास सोडतं आणि उबेत आणखी काही दिवस मिळाले तर तेच यीस्ट तो परत खाऊन टाकतं. घाईने थंड केलं की यीस्ट झोपतं आणि लोणी ग्लासात येतं. त्याने ग्लास बदलून स्टाउट दिली, बिलातही लावली नाही.

त्या जागी मी "बकवास आहे, परत घ्या" म्हटलं असतं तर ग्लास कदाचित बदलला असता, पण मला हे कारण कळलं नसतं. आणि पहिल्या दिवशी मी एका निर्दोष बिअरलाच खराब समजून टाकून उठले होते.

८. गुण द्या

जगभर बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची पन्नास गुणांची पद्धत चालते. ही संस्था १९८५ पासून परीक्षक तयार करते. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १० गुण. ३० ते ३७ म्हणजे चांगलीच, ३८च्या वर उत्तम, ४५च्या वर क्वचित कोणी जातं. १३ किंवा खाली म्हणजे मोठी खोट.

गुण देताना प्रश्न "मला आवडली का" हा नसतो. फळ्यावर पेल एल लिहिलंय, तर ती पेल एल म्हणून कशी आहे, हा असतो. आयपीएसारखी कडक पेल एल मस्त लागली तरी तिचे गुण कापावे लागतात. "आवडली" साठी वहीच्या कोपऱ्यात वेगळी खूण करा. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

"वास ९: पपनसाची साल, कैरीचा चीक, मागे मारी बिस्किट. गरम झाल्यावर पेरू. रूप ३. चव १३: कडू स्वच्छ, पण शेवटी उकळलेला चहा. स्पर्श ३: तुरट, खरखर. एकूण ६. बेरीज ३४. पुन्हा घेईन, पण एकच."

आकड्यांपेक्षा शब्द जपून लिहा. दोन महिन्यांनी ३४ म्हणजे काय ते आठवत नाही, उकळलेला चहा मात्र आठवतो.

९. बिल आणि परतीची वाट

मेन्यूवरच्या किमतीवर व्हॅट वेगळा लागतो, दारूला जीएसटी नाही. जेवणाचं बिल त्यामुळे वेगळं दिसतं, गोंधळू नका. सर्व्हिस चार्ज द्यायलाच हवा असं नाही, नको असेल तर काढायला सांगा.

गाडी घेऊन जाऊ नका. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळेलाही १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चार छोटे ग्लास "काहीच नसतात" असं आपल्याला वाटतं, पण नाकाबंदीवरच्या यंत्राला तसं वाटत नाही. वाशी, नेरुळ, बेलापूरहून ठाण्याला यायला ट्रान्स-हार्बर लोकल आहे, घोडबंदरवरून रिक्षा.

वही मात्र रिक्षात विसरू नका. माझी पहिली वही कापूरबावडीला उतरताना अशीच गेली, एकोणीस बिअरचे गुण घेऊन.